ओव्हरटाइम टोपी काढून मागायचा

१२ जानेवारी

वन्सं,

पत्र बघून दचकू नका, इथे सगळे धडधाकट आहोत. तुमच्या दादांना निवृत्त होऊन तिसरा महिना चाललाय आणि आता मला एक कळलंय. घरातला एक माणूस निवृत्त झाला की दुसरं कुणीतरी जादा कामाला जुंपलं जातं. सकाळी चहा, मग जरासा चहा, मग 'तुझा होत असेल तर माझाही टाक.' माझा होत नसतो. आयुष्यभर बॉयलरच्या कारखान्यात वेल्डिंग केलेला माणूस आता खुर्चीत बसून मला सांगतो की गॅस जरा मोठा वाटतोय.

रविवारी शेजारचा रंगारी आला होता. त्याचा ठेकेदार त्याला रोज न विचारता थांबवून घेतो म्हणून कुरकुरत होता. झालं, यांची कळी खुलली. कारखान्यात पूर्वी ओव्हरटाइम कसा लादला जायचा, कामगारांनी काम कसं बंद ठेवलं आणि त्यातून नियम कसा आला, ते सगळं पुराण झालं. तुम्हाला पाठच असेल. फोरमनने स्वतः कामगाराच्या जागेवर यायचं, दुपारच्या चहाच्या आत यायचं, टोपी काढायची आणि विचारायचं, 'आज थांबणार का?' समोरचा नाही म्हणाला तर कारण विचारायचं नाही. "ओव्हरटाइम मागायचा असतो, गृहीत धरायचा नसतो," असं म्हणून यांनी मांडीवर थाप मारली आणि त्याच दमात आत हाक दिली की दोन चहा पाठव.

वन्सं, माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. मी चहा आणून ठेवला आणि सांगितलं, उद्यापासून माझी पाळी सकाळी सहा ते संध्याकाळी सहा. कारखान्यापेक्षा जास्तच होते, पण घरचं म्हणून सोडून देते. सहानंतर या घरातलं कुठलंही काम मला सांगायचं तर तो ओव्हरटाइम. माझ्या जागेवर यायचं, टोपी काढायची, विचारायचं. रंगारी चहा न पिताच उठला. यांना मात्र गंमत वाटली. सोमवारी जेवण झाकून ठेवून मी सहाच्या ठोक्याला बाहेर पडले, तेव्हा ती गंमत संपली.

सहा ते आठ मी कुठे असते, हे त्यांना सांगितलेलं नाही आणि तुम्हालाही सांगणार नाही. कारण विचारायचं नाही असा नियम आहे.

तुमची,
वहिनी

२१ जानेवारी

वहिनी,

तुझं पत्र वाचून हसू आलं आणि मग रागही आला. खरं तेच लिहिते. बाबा गेल्यावर आपल्या घरात ओव्हरटाइम हा शब्द आम्ही किती जपून उच्चारायचो, ते तू नवी नवरी म्हणून आलीस तेव्हा पाहिलंयस. माझ्या नर्सिंगच्या शाळेची फी म्हणजे दादाचा ओव्हरटाइम. माझे पहिले पांढरे बूट म्हणजे ओव्हरटाइम. तो लाल डोळ्यांनी घरी यायचा आणि मला म्हणायचा, तू पुस्तक मिटू नकोस. त्या माणसाने आता कुठे पाठ टेकलीय, आणि तू त्याला चहासाठी टोपी काढायला लावतेस?

घर म्हणजे काय कारखाना आहे? मी इथे वॉर्डाची मोठी सिस्टर. कुणी आलं नाही की दुसरी पाळी माझ्याच गळ्यात. नुसता निरोप येतो आणि मी थांबते. माणसं आजारी असताना घड्याळ बघायचं नसतं.

पण माझा राग खरा त्यावर नाही. तू लिहिलंस सहा ते आठ. वहिनी, ती सगळ्या दवाखान्यांत तपासणीची वेळ असते. शिवाय तू पहिल्याच ओळीत, कुणी न विचारता, सगळे धडधाकट आहोत असं लिहिलंस. असं म्हणत जो आत येतो त्याला आम्ही सगळ्यांत आधी खाटेवर घेतो. वजन उतरलंय का? खोकला? कुठे गाठ लागतेय? माझ्यापासून लपवू नकोस, मी असले पेशंट रोज बघते. लगेच उत्तर पाठव.

तुझीच

६ फेब्रुवारी

वन्सं,

तुमचं पत्र वाचून मी एकटीच इतकी हसले की हे स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले. टोपी काढलेली नव्हती, म्हणून काही न विचारता परत गेले. उत्तराला उशीर झाला, कारण बोटाला फोड आला होता. मला काहीही झालेलं नाही. मी वेल्डिंग शिकतेय.

परत वाचू नका, बरोबरच वाचलंत. चौकापलीकडे कामगारांची प्रशिक्षण शाळा आहे, तिथे संध्याकाळचा वर्ग भरतो. शिकवणाऱ्या बाईंना सगळे ठिणगीबाई म्हणतात. पहिल्या दिवशी त्यांनी मला विचारलं, मुलाला न्यायला आलात का. मी म्हटलं, नाव घालायला आलेय. त्यांनी मला पायापासून डोक्यापर्यंत बघितलं आणि चामड्याचा एप्रन पुढे केला. सुरुवातीला तर वेल्डिंगचा रॉड नुसता लोखंडी पट्टीला चिकटायचा, ओढून ओढून हात दुखायचे. आता चिकटत नाही. मुखवट्याच्या काळ्या काचेतून आधी काहीच दिसत नाही. मग ठिणगी धरते आणि एवढंसं वितळलेलं लोखंड दिसतं, बाकी जग नाहीसं होतं. दूध उतू जात नसतं, कुणी हाक मारत नसतं. वन्सं, मी तिथे फार सुखात असते.

या वयात हा काय उपद्व्याप, असं म्हणाल. माझं आयुष्यभराचं काम रोज संध्याकाळपर्यंत पुसून जातं. घासलेलं भांडं खरकटं होतं, धुतलेला कपडा मळतो. यांनी जोडलेली टाकी मात्र अजून कुठेतरी उभी आहे. मलाही एक तरी काम असं करायचंय, की केलं की केलेलं राहील. एप्रिलमध्ये परीक्षा आहे. पास झाले तर शाळेच्याच कार्यशाळेत नोकरी मिळते, जिने, कठडे, फाटकं करायची. वयाची अट मात्र आहे आणि जूनमध्ये मी ती ओलांडतेय. तेव्हा हीच एक संधी, पुन्हा नाही.

यांना का सांगत नाही? सांगितलं तर त्याच मिनिटाला शिकवायला लागतील. चांगलंच शिकवतील, त्यात शंका नाही. पण मग काम त्यांचं होईल आणि मी हाताशी उभी. रॉड दे, हातोडी दे, आणि जाता जाता चहा टाक.

आता तुमच्या फीचं. ते थांबत होते म्हणून तुम्ही शिकलात, हे सोळा आणे खरं. ते परत येईपर्यंत जेवण पुन्हा पुन्हा गरम करत बसणारीही कुणी होती, तिच्या त्या बसण्याला मात्र कुणी ओव्हरटाइम म्हटलं नाही. मी भांडत नाहीये. त्या शब्दात माझ्यासाठीही थोडी जागा असावी, एवढंच वाटलं.

यांना कळू देऊ नका, तुम्हाला माझी शपथ.

वहिनी

१० फेब्रुवारी

वहिनी,

शपथ पोचायला उशीर झाला. तुझं उत्तर येईना तेव्हा माझा धीर सुटला आणि मी दादाला पत्र टाकलं. वहिनीला काहीतरी मोठं झालंय, ती तुझ्यापासून लपवून दवाखान्यात जातेय, लक्ष ठेव, असं लिहिलं. ते पेटीत पडलं आणि दुसऱ्या दिवशी तुझं आलं. लोकांची नाडी बघण्यात हयात गेली आणि घरच्या माणसाचं निदान असं चुकवलं. मला हव्या तेवढ्या शिव्या दे.

तुझं फीचं वाक्य मी औषधांच्या कपाटाआड उभी राहून वाचलं. तिथेच रडले. एवढी वर्षं मी दादाचे उपकार मानत आले आणि ते जेवण कोण गरम करत होतं, हे माझ्या मनातसुद्धा आलं नाही. तू पास हो, वहिनी. कसंही करून पास हो.

तुझीच, मूर्ख

१५ फेब्रुवारी

ठमे,

मला पत्रं लिहायची सवय नाही, समजून घे. तुझं पत्र वाचून मी घड्याळाकडे बघत बसलो. सहाला ती निघाली आणि मी अंतर ठेवून मागे निघालो. चौकात दवाखान्याचा रस्ता डावीकडे जातो, ती उजवीकडे वळली. प्रशिक्षण शाळेत शिरली. मी बाहेर खिडकीशी थांबलो.

आत निळा उजेड होता. तिसऱ्या कप्प्यात कुणी नवखा जोड घालत होता. हात धीराचा होता, पण रॉड फार उभा धरत होता. मी मनात म्हटलं, अरे जरा कलता धर की. मग त्याने मुखवटा वर केला आणि ती तुझी वहिनी निघाली.

मी घरी येऊन टोपीसकट खुर्चीत बसलो. ती आजारी नाही म्हणून सुटलो, आणि मग राग आला. घरात बॉयलरचा वेल्डर रिकामा बसलाय आणि ही बाहेर जाऊन शिकते. लोकांना वाटतं ओव्हरटाइम म्हणजे जादा पैसे. असतीलही. पण फोरमन सगळ्यांत आधी माझ्या जागेवर यायचा, ठमे. इतक्या माणसांत काम अडलं की मी लागायचो. आता मी कुणाला लागत नाही, तिलासुद्धा नाही.

मग मोरीत भांडी दिसली, ती घासली. ती आली, भांडी बघितली आणि फडताळात लावली. मी काही विचारलं नाही, कारण नियम मीच सांगत आलोय. पण तिच्या रॉडचा कोन चुकतोय. असाच चुकत राहिला तर परीक्षेत जोड फुटेल. तिला सांगू का?

दादा

२२ फेब्रुवारी

दादा,

सांगू नकोस. जीभ चावून बस, पण सांगू नकोस. तिने न मागता शिकवायला गेलास तर तोही लादलेला ओव्हरटाइमच झाला, नाही का? तिची शिकवणारी बाई आहे, कोनाचं ती बघून घेईल.

आणि तू कुणाला लागत नाहीस असं परत लिहिलंस तर तिथे येऊन कान उपटेन. काम अडलं की फोरमन आपल्या पायांनी येतो, हे मी तुझ्याच तोंडून ऐकलंय. वाट बघ. आणि कुणी आलं नाही, तरी भांडी घासणं सोडू नकोस.

तुझी ठमी

२८ मार्च

वन्सं,

तुमच्या दादांनी मला काही विचारलं नाही. तुमचं पत्र त्यांना मिळालं हे मला ठाऊक होतं, मी रोज वाट बघत होते की आज विचारतील, उद्या विचारतील. एक दिवस माझ्या मनगटावरचा भाजल्याचा डाग त्यांना दिसला. दुसऱ्या दिवशी पाण्याच्या माठाशेजारी मलमाची डबी ठेवलेली होती, वर झाकण अर्धं उघडून. तेव्हा मी ओळखलं की यांना सगळं कळलंय आणि हे नियम पाळताहेत. वन्सं, एवढ्या वर्षांच्या संसारात मला या माणसाचं इतकं कौतुक कधी वाटलं नव्हतं.

माझा रॉडचा कोन चुकत होता, तो ठिणगीबाईंनी केव्हाच सुधारून दिला. पण परीक्षेत जोड उभा घालायचा असतो. पट्ट्या भिंतीसारख्या उभ्या, आणि लोखंड वितळलं की खाली ओघळतं. माझा एकही उभा जोड धड होईना. ठिणगीबाई म्हणाल्या, मला वर्गात सगळ्यांकडे बघायचं असतं, तुमच्या शेजारी कुणीतरी नुसतं उभं राहायला हवं. परीक्षा तोंडावर आलेली. मी दोन दिवस स्वतःशी भांडले. मदत घेतली तर माझं काम त्यांचं होईल का? मग वाटलं, ते नेहमी काय सांगतात? मागणारा मागतो तेव्हा काम त्याचंच असतं, थांबणारा फक्त थांबतो.

दुपारच्या चहाच्या आत गेले. माझ्याकडे कुठली टोपी? खुंटीवरची त्यांचीच घेतली, डोक्यावर घातली, त्यांच्या खुर्चीसमोर उभी राहिले आणि काढली.

"आज सहानंतर थांबणार का?" मी विचारलं.

ते माझ्याकडे बघतच राहिले. मग उठून उभे राहिले, अगदी ताठ, आणि म्हणाले, "थांबतो."

मग ते आत गेले आणि बराच वेळ तोंड धूत होते. मी आत गेले नाही.

माझी अट एकच, की हात मागे बांधून उभं राहायचं आणि रॉडला हात लावायचा नाही. त्यांनी ती पाळली. हात मागे, पण सगळं अंग पुढे. खालून वर जा, म्हणाले. दोन्ही कडांना थांब, मधून पटकन जा. कड घाईने सोडलीस तर ती तुला धरून ठेवत नाही. ठिणगीबाई लांबून ऐकत होत्या, मग बाकीचे शिकणारेही ऐकायला लागले. आता रोज सहाला आम्ही दोघं मिळून बाहेर पडतो. शेजारचा रंगारी विचारतो, कुठे निघालात. हे म्हणतात, ओव्हरटाइमला. तसं म्हणताना त्यांची मान अशी काही वर होते की बघत राहावं.

उभे जोड अजून दहात चारच जमतात.

वहिनी

४ एप्रिल

वहिनी,

दहात चार म्हणजे आधी शून्य होते ते चार झाले. पेशंट असा सुधारला तर आम्ही पेढे... नाही, पेढे नाही, आम्ही त्याला घरी पाठवतो.

इकडची बातमी ऐक. परवा पाळी संपायच्या वेळी मोठ्या डॉक्टरीणबाईंचा नेहमीसारखा निरोप आला, सिस्टर थांबतील. मी निरोप आणणाऱ्याला विचारलं, सिस्टरना विचारलं कुणी? तो गडबडला. मग माझ्यामागे उभ्या असलेल्या तिघीजणी म्हणाल्या की आम्हालाही कुणी विचारत नाही. शेवटी बाई स्वतः वॉर्डात आल्या. मी म्हटलं, बाई, पेशंट सोडून मी जाणार नाही हे तुम्हाला माहीत आहे, म्हणून तर तुम्ही विचारत नाही. आजपासून विचारा. त्या रागावतील असं वाटलं होतं. त्या खाटेच्या कडेला टेकल्या आणि म्हणाल्या, मलाही वरून कुणी विचारत नाही. मग त्यांनी मला विचारलं, आणि मी नाही म्हटलं. दुसरी एक आपण होऊन हो म्हणाली. आता आठवडा सुरू होण्याआधी ज्याला त्याला विचारायचं असं ठरलंय.

मी उजेडात घरी पोचले, वहिनी. माझ्या खोलीत संध्याकाळी इतकं ऊन येतं हे मला माहीतच नव्हतं. खुर्ची उन्हात ओढली आणि काहीही केलं नाही. फार बरं वाटलं.

परीक्षेच्या दिवशी दादाला जवळ उभा करू नकोस. तो श्वास रोखून धरेल आणि घेरी येऊन पडेल.

तुझीच

१८ एप्रिल

वन्सं,

सगळं क्रमाने सांगते, नाहीतर मीच आधी शेवट सांगून मोकळी होईन.

यांना आत सोडलं नाही. परीक्षक बाहेरचे होते, पातळ ओठांचे, फारसे न बोलणारे. माझ्याकडे बघून त्यांनी ठिणगीबाईंना हळूच काहीतरी विचारलं. ठिणगीबाई मोठ्याने म्हणाल्या, होय, याच. मग पट्ट्या उभ्या लावून दिल्या. मुखवटा खाली घेतला. थांबले, श्वास सोडला, ठिणगी धरली. खालून वर. कडेला थांबले, मधून पटकन गेले. पुन्हा कडेला. त्यानंतरचं मला खरंच आठवत नाही. मुखवटा वर केला तेव्हा जोड पूर्ण झालेला होता आणि माझ्या मानेवरून घामाच्या धारा चालल्या होत्या.

जोडावर साचलेली खपली हातोडीने उडवली. खालचा जोड सरळ, दिसायला बरा. पण दिसण्यावर काही नसतं. पट्टी गार झाल्यावर जोडासकट तिचे दोन तुकडे कापतात आणि यंत्रात घालून वाकवतात, पार दोन्ही टोकं समोरासमोर येईपर्यंत. आत कुठे खोट असेल तर तिथे चीर पडते आणि खेळ संपतो. पहिला तुकडा वाकला, चीर नाही. दुसरा उलट्या बाजूने वाकवायचा, तिथेच बहुतेकांचं फसतं. माझ्या आधीच्या दोघांचं तिथेच फसलं होतं, दोघंही माझ्या निम्म्या वयाचे. यंत्राचा दांडा खाली यायला लागला आणि मला वाटलं, माझीच पाठ वाकतेय. परीक्षकांनी तुकडा काढला, भिंग लावून बघितला, खिडकीशी नेऊन पुन्हा बघितला. मग परत येऊन तो माझ्या हातात ठेवला.

"बाई, हा तुटायचा नाही," ते म्हणाले.

वन्सं, मी पास झाले. पहिल्याच खेपेला, उभ्या जोडात, या वयात, मी पास झाले. ठिणगीबाईंनी मला एप्रनसकट मिठी मारली. बाहेर आले तर हे फाटकाशी उभे होते आणि माझ्याकडे न बघता रस्त्याकडे बघत होते. मी त्यांच्या हातात तो वाकलेला तुकडा दिला. त्यांनी त्यावरून अंगठा फिरवला, एकदा, दोनदा. म्हणाले, "माझा पहिला फुटला होता. तुला कधी सांगितलं नाही." आणि भर रस्त्यात, माणसं जात-येत असताना, हा बॉयलरचा वेल्डर ढसाढसा रडला. मीही रडले. लोक बघत होते, बघू देत.

सोमवारपासून कामावर हजर व्हायचंय. पहिलं काम एका शाळेच्या जिन्याचा कठडा. मुलं त्याला धरून चढतील, घसरतील, लोंबकळतील, आणि तो हलणार नाही. तो माझा असेल.

आता सहा वाजून गेलेत. हे तो तुकडा घेऊन केव्हाचे बाहेर गेलेत, रंगाऱ्याला दाखवला, दूधवाल्याला दाखवला, आता पलीकडच्या गल्लीतून आवाज येतोय, 'माझ्या बायकोने घातलाय हा जोड, वाकवून बघा हवं तर.' मला कडकडून भूक लागलीय. आजचं जेवण त्यांच्याकडे आहे. मी खुर्चीत पाय वर घेऊन बसलेय आणि ते येईपर्यंत उठणार नाही.

तुमची,
वेल्डर वहिनी